धिंचा तिं झाला त्याची गोष्ट: घरी रेकॉर्ड केलेल्या एका गाण्याचं प्रकरण

"काय रे, त्या दिवशी मी डावा हात घरी ठेवून आलो होतो काय?"

रात्री साडेनऊला काकांचा फोन, हॅलो नाही, काही नाही, थेट हेच. काका म्हणजे आमच्या गल्लीतले, भजनी मंडळात तीसेक वर्षं तबल्याला बसतात, आणि माझ्या स्वतःच्या गाण्यात त्यांनीच तबला वाजवला होता. दुपारी मी त्यांना मिक्स करून एमपी३ पाठवलेली, मोठ्या अपेक्षेने, कारण माझ्या हेडफोनवर तो तबला इतका भारी वाजत होता की मी स्वतःच चार वेळा फक्त तबला ऐकला होता. मी म्हटलं काका, डग्गा आहे की, चांगला घुमतोय. ते म्हणाले, "घुमतोय? अरे धिं वाजवलंय मी आणि ऐकू येतंय तिं. सगळं आवर्तनच खाली झालंय. टाळ आणि चाट, बाकी काय नाही."

तबला न वाजवणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की उजव्या हाताचा तिं आणि त्याच वेळी डाव्याचा, म्हणजे डग्ग्यावरचा, गे मिळून धिं होतो, डग्गा काढून घेतला की उरतो तो तिं. ठेक्यात भरी (भरलेला भाग) कुठे आणि खाली (रिकामा भाग) कुठे हे ऐकणाऱ्याला कळतं ते मुख्यतः डग्ग्यामुळे. आणि काकांची चाट म्हणजे उजव्या तबल्याची कड. म्हणजे डग्गा गेला तर नुसता बेस कमी होत नाही, वाजवणाऱ्याने वाजवलेला बोलच बदलतो. काकांचा राग त्यामुळे रास्त होता. पण त्या रात्री मला तो रास्त वाटला नाही. मला वाटलं काका फोनच्या स्पीकरवर ऐकतायत, एवढ्याशा स्पीकरमधून डग्गा कसा येणार, त्यांना काय माहीत. पुढचे पाच दिवस मी याच समजुतीवर काढले, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

सेटअप काय होता

सांगलीत वरच्या मजल्यावर माझी दहा बाय अकराची खोली. एका भिंतीला कपड्यांचं कपाट, दुसऱ्या भिंतीला गादी उभी केलेली, खिडकीवर आजीच्या दोन गोधड्या. मे महिना, रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, काका बनियनवर. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), दोन सारखे छोटे कंडेन्सर माइक, एक हेडफोन, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मिक्स ऐकायचे मॉनिटर स्पीकर नाहीत. भाड्याच्या घरात, खाली घरमालक, म्हटलं हेडफोनवर भागतंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाणं माझंच, शब्द आणि चाल दोन्ही, पावसाची वाट बघण्यावरचं, भजनी ठेक्यात. पट्टी काळी एक. पहिली अडचण पेटीची आली, कारण पेटी काही आपण सुरात लावू शकत नाही, ती जशी आहे तशी. ट्यूनर लावून बघितलं तर आमची पेटी पंधरा सेंट, म्हणजे किंचित, चढी निघाली. मग बाकी सगळं तिच्यावर बसवलं, तंबोरा त्याच सुरात, काकांनी हातोडी घेऊन गट्टे ठोकून तबला तिथेच लावला. यात अर्धी सकाळ गेली पण हे काम बरोबर झालं होतं, तक्रार नाही.

तंबोरा मित्राचा, मिरजेत बनलेला. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तंबोरा आणि सतारीसाठी त्या गावाचं नाव सगळीकडे, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरायला मला लाज वाटते. तो एकाच माइकवर दोनदा वाजवून घेतला आणि एक टेक डावीकडे, एक उजवीकडे टाकला.

तबल्याला मात्र दोन माइक एकाच वेळी. काकांच्या समोर, दीड फुटावर, एक माइक उजव्या तबल्याकडे रोखलेला आणि एक डग्ग्याकडे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, लेव्हल बेताची, जोरातला धा उणे दहा डीबीच्या वर जाणार नाही अशी. मिक्समध्ये एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. पेटीलाही तीच जोडी, एक माइक सुरांच्या बाजूला आणि एक भात्याच्या बाजूला.

आणि हेडफोनवर काय मस्त आवाज यायचा! तबला डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला, डग्गा तर जणू पाठीमागून येतोय. मी त्याला 'वाइड' म्हणत होतो आणि स्वतःची पाठ थोपटत होतो. डग्गा नेमका कुठून येतोय हे बोट दाखवून सांगता येत नव्हतं, हीच खरं तर पहिली खूण होती. आवाजाला जागाच नसेल तर काहीतरी गडबड आहे. पण आपलंच गाणं, आपणच रेकॉर्ड केलेलं, रात्री अकरानंतर हेडफोन लावून ऐकलेलं, अशा वेळी कान वकील होतात, न्यायाधीश राहत नाहीत.

पाच दिवस चुकीचं औषध

पहिल्या दिवशी ईक्यू, म्हणजे आवाजातला खालचा-वरचा ठरावीक पट्टा वाढवणं किंवा कमी करणं. डग्गा माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ९० हर्ट्झच्या आसपास घुमत होता, तिथे सहा डीबी वाढवले. हेडफोनवर घर हललं. काकांना पाठवलं, काका म्हणाले, "तसंच आहे." आठ डीबी केले. आता लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) प्रत्येक समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, दम खायला लागला, आवाज आत-बाहेर, आत-बाहेर, आणि फोनवर डग्गा तरी नाहीच, उलट डग्गा यायच्या जागी गायकाचा, म्हणजे माझा, आवाज दबायचा. याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता. डग्गा फाइलमध्ये आहे, चांगला ढीगभर आहे, लिमिटरला तो दिसतोय, फक्त स्पीकरमधून बाहेर पडत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सॅचुरेशन. हा उपाय मुळात चुकीचा नाही. फोनचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो, पण आपल्या कानाची एक गंमत आहे, मूळ स्वर गाळला आणि त्याच्या पटीतले वरचे स्वर ठेवले तरी मेंदू खालचा स्वर स्वतःच लावून घेतो. म्हणून डग्ग्याला थोडा खरखरीतपणा दिला की १८०, २७०, ३६० हर्ट्झला त्याची पिल्लं तयार होतात आणि त्यातली वरची फोनवर ऐकू येतात. मी पण दिलं. किंचित फरक पडला, मी खूश झालो, आणि त्या किंचित फरकाने आणखी दोन दिवस खाल्ले.

तिसरा आणि चौथा दिवस पेटीवर गेले. पेटी फोनवर पातळ लागत होती, तिला ३०० हर्ट्झला भर घातली, मग ती गळ्यावर चढली, मग गळ्यातलं तेच काढलं, मग गळा पातळ झाला. ज्यांनी घरी मिक्सिंग केलंय त्यांना हे चक्र माहीत असेल. एक पाय झाकायला चादर ओढली की दुसरा उघडा.

पाचव्या दिवशी बहीण आली, सोबत भाचा आणि भाच्याचा ब्लूटूथ स्पीकर, तो गोल डबा असतो तसला. त्यावर तो जे काही लावून नाचत होता त्याचा बेस खालच्या घरमालकांपर्यंत जात होता. मी म्हटलं, मामाचं गाणं लाव रे. लावलं. टाळ आणि चाट.

त्या डब्याला डग्गा जमत नाही असं तर म्हणताच येत नव्हतं, दोन मिनिटांपूर्वी त्याच डब्याने खिडकीची काच वाजवली होती. म्हणजे पाच दिवस मी ज्या फोनच्या स्पीकरला दोष देत होतो त्याचा यात संबंध नव्हता. मग फोनमध्ये आणि त्या डब्यात सारखं काय? दोघांकडे एकच तोंड. डावी बाजू आणि उजवी बाजू दोन्ही एकत्र करून एकाच स्पीकरमधून. मोनो.

जेवण टाकून वर गेलो. रीपरच्या मास्टर ट्रॅकवर मोनोचं बटण असतं, ते मी आयुष्यात कधी दाबलं नव्हतं. दाबलं. हेडफोनमधला तो डोक्यामागचा भव्य डग्गा गप्प. बटण सोडलं, परत आला. दाबलं, गेला. बहीण खालून हाक मारत होती, पोळी गार होतेय म्हणून, आणि मी वर बटण दाबतोय-सोडतोय, दाबतोय-सोडतोय.

एक धिं, भिंग लावून

आता बाकी सगळं म्यूट करून फक्त तबल्याचे दोन ट्रॅक. पहिल्या ओळीच्या समेवरचा धिं घेतला आणि झूम करत गेलो, इतका की एका धिंनेच सगळा स्क्रीन भरला. वरचा ट्रॅक डग्ग्याकडच्या माइकचा, खालचा उजव्या तबल्याकडच्या माइकचा. डग्ग्याची लाट मोठी, संथ, ओळखायला सोपी. वरच्या ट्रॅकमध्ये ती आधी खाली जाते. खालच्या ट्रॅकमध्ये, अगदी जरासा उशीर होऊन, तीच लाट आधी वर जाते. वर डोंगर तिथे खाली दरी. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखं, पुढच्या प्रत्येक घुमाऱ्याला तसंच.

दोन लाटा अशा उलट्या असल्या आणि त्यांची बेरीज केली तर काय उरणार? हेडफोनमध्ये बेरीज होतच नाही, डावा कान डावी बाजू ऐकतो, उजवा कान उजवी, त्यामुळे तिथे ती उलटी लाट 'वाइड' वाटते. दोन स्पीकर खोलीत ठेवले असते तर हवेतच बऱ्यापैकी वजाबाकी झाली असती आणि मला पहिल्या दिवशीच खटकलं असतं. पण मॉनिटर नव्हते ना.

ट्रॅकवर शून्याला तिरकी रेघ मारल्याचं एक चिन्ह असतं, पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी करायचं. एका ट्रॅकवर ते दाबलं, मोनो चालूच. धिं! डग्गा असा आला की मी खुर्चीत मागे सरकलो, कारण त्यावर अजून माझे आठ डीबी चढवलेले होते.

पण मग प्रश्न पडला की फक्त डग्गाच का गेला, उजवा तबला का नाही गेला, तोही त्याच दोन माइकमध्ये होता की. यात थोडं गणित आहे पण सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. मी टेप लावून मोजलं, डग्ग्यापासून त्याचा माइक ४५ सेंटीमीटर आणि दुसरा माइक ६० सेंटीमीटर. फरक १५ सेंटीमीटरचा, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी. डग्ग्याची ९० हर्ट्झची लाट जवळजवळ पावणेचार मीटर लांबीची, तिला १५ सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही, दोन्ही माइकना ती जवळपास एकदमच पोचते. त्यामुळे एक बाजू उलटी असेल तर वजाबाकी चोख. सरळ आणि उलट्या जोडीतला फरक मी कागदावर काढला तर मोनोमध्ये चौदा-पंधरा डीबीचा आला. एवढं गेल्यावर राहतं काय.

उजवा तबला काळी एकला लावलेला, म्हणजे मूळ स्वर २७७ हर्ट्झ. पण 'ना' हा बोल वाजवताना करंगळीशेजारचं बोट पुडीवर टेकलेलं असतं, मूळ स्वर दबतो आणि जोर येतो तो वरच्या स्वरांना, ५५४ ला, ८३१ ला. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्याचे हे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, म्हणून तबला सुरात लावता येतो, आणि अशा वाद्यांवर सी. व्ही. रमण यांनी १९२० मध्येच लिहिलंय. तर या वरच्या स्वरांना १५ सेंटीमीटर म्हणजे बरंच अंतर, तिथे लाटा एकमेकींवर ना धड बसतात ना धड उलट्या पडतात, म्हणून त्या वाचतात. ११०० हर्ट्झच्या पुढेमागे तर उलट्या पोलॅरिटीत बेरीजच होते. म्हणजे माझ्या मोनोमध्ये डग्गा मेला, उजव्याचं पोट गेलं, आणि चाटेवरचा टणत्कार उलट जास्त पुढे आला. काकांनी 'टाळ आणि चाट' म्हटलं होतं ते अगदी मोजूनमापून बरोबर होतं.

तंबोरा मोनोमध्ये शाबूत का राहिला हेही आता कळलं. तो दोन वेगवेगळ्या टेकचा होता, दोन वेळा छेडलेली तार कधीच तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे एकमेकींना खोडायला समोर जुळी लाटच नाही.

गुन्हेगार कोण

बटण दाबून गाणं दुरुस्त झालं, पण माइक सारखे, इंटरफेस ठीक, मग उलटलं कुठे? माइकची अदलाबदल केली, दोष त्याच चॅनलवर. केबलची अदलाबदल केली, दोष केबलबरोबर दुसरीकडे गेला. केबल हातात घेतली आणि ओळखलं. ही मीच सोल्डर केलेली. दोन वर्षांपूर्वी पैसे वाचवायला शंभर फुटांचं बंडल आणि सुटे कनेक्टर आणून मी गॅलरीत बसून चार केबल बनवल्या होत्या.

एक्सएलआरला, म्हणजे माइकच्या केबलच्या कनेक्टरला, तीन पिना. १ म्हणजे ग्राउंड, २ म्हणजे हॉट, ३ म्हणजे कोल्ड, हॉटची उलटी बाजू. मेल आणि फीमेल कनेक्टरवर पिनांची मांडणी एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते, आणि एका टोकाला तुम्ही समोरून बघून जोडलं आणि दुसऱ्या टोकाला सोल्डरच्या बाजूने बघून, तर २ आणि ३ ची बेमालूम अदलाबदल होते. कनेक्टरवर आकडे कोरलेले असतात पण ते वाचायला भिंग लागतं. मल्टिमीटर लावला, बीपवर. १ ते १ बीप. २ ते २ शांत. २ ते ३ बीप.

आणि दोन वर्षांत हे कळलं का नाही, तर ही चूक काही म्हणजे काही आवाज करत नाही. गुणगुण नाही, खरखर नाही, लेव्हल कमी नाही. कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ वर सारखेच जातात, त्यामुळे फँटम पॉवरला पण फरक पडत नाही, माइक आनंदाने चालतो. एकट्या माइकवर गाणं म्हणा, उलटी केबल असली तरी कानाला ओळखू येत नाही. दोन माइक एकाच वाद्यावर लागले की मगच ती चावते. एलपीच्या जमान्यात असतो तर एव्हाना कुणीतरी कान धरला असता, कारण स्टिरिओ एलपीत डाव्या-उजव्याची बेरीज सुईला आडवी हलवते आणि त्यांच्यातला फरक उभी. उलट्या पोलॅरिटीचा जाडजूड बेस म्हणजे सगळा उभा धक्का, सुई खोबणीतून उडायची भीती, त्यामुळे तबकडी कापणारा माणूस असली टेप परतच पाठवणार. एमपी३ची सुई उडत नाही.

मग मागचा हिशोब काढायला बसलो. या केबलवर दोन वर्षांत काय काय झालंय? पेटी तर याच गाण्यातली, तिचेही दोन माइक, म्हणजे मी दोन दिवस तिला ३०० हर्ट्झला जी भर घालत होतो ती एका वजाबाकीत ओतत होतो. जुनी तीन गाणी निघाली. दोन तबल्याची, दोन्ही बिघडलेली, त्यातलं एक मित्राचं, गणपतीच्या वेळी प्रसिद्ध पण झालेलं. त्याला फोन करून सांगणं जिवावर आलं होतं पण केला. तो म्हणाला, "अरे आमच्या मंडळात लावलं तेव्हा मला पण बेस कमी वाटला होता, मी त्या साउंडवाल्याला बोललो की भाऊ असा कंजूषपणा करू नको." त्या बिचाऱ्या साउंडवाल्याने एवढे मोठे बॉक्स लावले होते आणि शिव्या माझ्या केबलच्या खाल्ल्या. आपल्याकडे मंडळाचा, देवळाचा, लग्नाच्या हॉलचा स्पीकर बहुतेक वेळा मोनोच चालवतात, म्हणजे जिथे गाणं सगळ्यात जास्त लोकांनी ऐकलं नेमकं तिथेच ते डग्ग्याविना वाजलं.

तिसरं गाणं ढोलकीचं, आणि त्याने मला चक्रावलं. दोन माइक, दोन्ही तोंडांना एकेक, त्यातल्या एकाला हीच केबल, आणि मोनोमध्ये अगदी टणटणीत! पोलॅरिटी 'सुधारली' तर उलट धूम पातळ होतो. थोडा विचार केल्यावर पटलं. ढोलकीच्या एका तोंडावर थाप मारली की ते चामडं आत जातं आणि आतली हवा दुसऱ्या तोंडाचं चामडं बाहेर ढकलते. एक माइक लाट आत गेलेली बघतो, दुसरा बाहेर आलेली. म्हणजे तिथे मुळातच उलट असतं, आणि माझ्या चुकीच्या केबलने ते नकळत सरळ केलं होतं. त्या गाण्याबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं होतं, ते मी परत करणार नाहीये.

पुन्हा मिक्स

सगळे प्लगइन काढून टाकले, फेडर शून्यावर. जीव तुटला पण त्या पाच दिवसांतला एकही निर्णय विश्वासाचा नव्हता. पोलॅरिटी सरळ केलेल्या ट्रॅकवरून नव्याने सुरुवात, पहिला तास मोनो दाबूनच, हेडफोनची एक बाजू कानावर आणि एक बाजू गालावर.

एक चूक परत करता करता राहिलो. म्हटलं आता दोन माइकमधला तो अर्धा मिलिसेकंदही काढून टाकू, एक ट्रॅक २१ सॅम्पल पुढे सरकवला की डग्ग्याच्या लाटा तंतोतंत जुळतील. जुळल्या. पण उजवा तबला दुसऱ्या माइकच्या जवळ आहे, त्याचा फरक उलट्या दिशेने, तो दुप्पट झाला, आणि 'ना' एकदम नाकात बोलायला लागला. परत होतं तिथे ठेवलं. खोलीत बसून ऐकणाऱ्या माणसाच्याही दोन कानांत अंतर असतंच की, सगळंच इस्त्री करायचं नसतं.

तबल्याची जोडी पूर्ण डावी-उजवी होती ती आत आणून चाळीस टक्क्यांवर ठेवली, १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध. ९० हर्ट्झला वाढवायची गरजच पडली नाही, उलट दीड डीबी कापावे लागले. सॅचुरेशन ठेवलं, पण आधीच्या पावपट, आणि आता ते फोनवर खरंच काम करत होतं. तंबोऱ्याचं १०० च्या खालचं आणि गळ्याचं ८० च्या खालचं कापलं, डग्ग्याला अंगण मोकळं. पेटीला एकही ईक्यू नाही. खरं सांगतो, एकही नाही. शेवटी लेव्हल उणे चौदा लफ्सच्या (गाण्याच्या एकूण जोराचं माप) आसपास आणि शिखर उणे एक डीबीच्या आत, कारण त्याहून जोरात केलं तरी स्पॉटिफायसारखे प्लॅटफॉर्म ते परत उणे चौदाला खाली ओढतात, मग उगाच लिमिटरकडून डग्ग्याचा गळा का दाबून घ्या.

हेडफोनवर आता ते गाणं आधीपेक्षा अरुंद वाजतं. पहिले दोन दिवस मला ते कमीच वाटत होतं, चटक लागलेली ना त्या डोक्यामागच्या डग्ग्याची. भाच्याच्या डब्यावर लावलं आणि घरमालकांनी खालून काठीने छत ठोकलं, तेव्हा बरं वाटलं.

काकांना रात्री फाइल पाठवली. सकाळी उत्तर आलं, व्हॉइस मेसेज, मागे कुकरची शिट्टी. "हां, आता आला बघ हात. मस्त घुमतोय." मग थोडं थांबून, आवाज खाली करून, "पण ते तिसऱ्या कडव्यात समेच्या आधी माझा एक बोल चुकलाय बघ. आधी ऐकू येत नव्हतं, आता चांगलंच येतंय. त्याला पण काही बटण असेल तर दाब की."